वळून बघण्यापुरतं

"आप्पा, सोडू नका हां! सोडलं न्हाई ना? आप्पा, हाय ना हात?"

विहिरीतून वर येणारा तो आवाज सुलक्षणाच्या कानात अजून तसाच होता. कडांवर आपटून थोडा मोठा झालेला, थोडा ओला. प्रांजल तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला, आणि पोटाखाली आनंदरावांचा हात. सुलक्षणा काठावर टॉवेल घेऊन उभी. "न्हाई सोडलं, मार पाय," असं आनंदराव म्हणायचे, आणि हात तर केव्हाच निघालेला असायचा. पोर पाणी कापत पलीकडच्या पायरीला जाऊन लागायची, मागं वळून बघायची, आणि बाप इतका लांब राहिलाय हे दिसल्यावर आधी रडायची, मग हसायची.

केंदूरच्या त्या विहिरीचा उन्हाळ्यात आता तळ दिसतो. आवाज काही आटला नाही.

आनंदरावांचं शिक्रापूरला खत-बियाण्यांचं दुकान, आणि केंदूरला शेवंतीचा मळा. खताच्या कंपनीनं त्या वर्षी टार्गेट गाठलेल्या दुकानदारांना जोडीनं सहलीला न्यायचं काढलं. महाबळेश्वर नाहीतर तारकर्ली, ज्याला जे हवं ते. तारकर्लीला समुद्रकाठचं रिसॉर्ट, आणि वर स्कूबा डायव्हिंग फुकट.

तीन-चार वर्षांत सुलक्षणानं नवऱ्याकडे काही मागितलं नव्हतं. त्या रात्री ताट वाढताना ती म्हणाली, "तारकर्लीला जाऊ."

आनंदरावांनी मान वर केली. "तिथं काय हाय?"

"समुद्र हाय."

"समुद्रात काय करणार तू?"

"बघंन."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला, तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "सांगतो त्यांना." एवढंच. हा होकार साधा होता की त्यात आणखी काही होतं, हे सुलक्षणाला कळलं नाही. प्रांजल तारकर्लीच्या शेजारीच मालवणात राहते हे तर सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पोरगी पुण्याला कॉलेजात गेली तीही पोहण्याच्या जोरावर. कॉलेजच्या संघाबरोबर मालवणला समुद्रात पोहायच्या स्पर्धेला गेली, पदक घेऊन आली आणि मन तिथंच ठेवून आली. गौरेश त्याचं नाव. पर्यटकांना पाण्याखाली नेऊन आणायचं त्याचं काम. घर मासेमारीचं, जात वेगळी. दोघांनी रजिस्टर लग्न केलं आणि मग घरी फोन केला.

थोरले दीर हौशीराम ओसरीवर बसून म्हणाले, "आनंदा, पोरगी मेली म्हण आता. न्हाईतर भावकीतल्या बाकीच्या पोरींना कोण विचारणार हाय?" आनंदराव काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत हाच सगळ्यांनी होकार धरला. गावात फ्लेक्स लागला, भावपूर्ण श्रद्धांजलीचा. वर प्रांजलचा हसरा फोटो, पदक गळ्यात घातलेला होता तोच. पदक तेवढं कापून टाकलेलं. वेळ नदीच्या घाटावर जित्या पोरीचा दहावा घातला. सुलक्षणाला कुणी घाटावर नेलं नाही. ती भिंतीकडे तोंड करून घरात बसून राहिली. पुरुष माणसं परत आली तेव्हा बाहेरची कुजबुज तिच्या कानावर पडली. पिंडाला कावळा शिवला नव्हता. ऊन डोक्यावर आलं तरी शिवला नव्हता. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि उरकलं. आनंदराव पाय धुऊन सरळ मळ्यात निघून गेले. त्या दिवसापासून घरात ते नाव कुणी घेतलं नाही.

म्हणजे तोंडानं घेतलं नाही. ओठांच्या आतलं कोण अडवणार? सुलक्षणाला ती खोड आईकडून आलेली. तिची आई सोजराबाई हात कामात गुंतले की आपसूक ओवी बांधायची. शेवंतीच्या सरीत वाकलं की सुलक्षणाचंही तसंच व्हायचं.

नाव न्हाई घ्यायाचं, सांगत्यात घरचे धनी
फुलं तोडता तोडता, लेक येती मनोमनी

त्याच सरीत बसून ती लेकीशी चोरून बोलायची. मोबाइलमध्ये प्रांजलचं नाव तिनं 'शेवंती रोपवाटिका' असं घातलं होतं. सहलीचं कळवलं तेव्हा पलीकडून वारा ऐकू येत होता.

मग प्रांजल म्हणाली, "आई, आम्हाला दोघांना मालदीवला काम लागलंय. व्हिसा आलाय. गेलो की लवकर येणं न्हाई."

"किती लांब हाय ते?"

"लांबच हाय. जायच्या आधी एकदा आप्पांनी माझ्याकडं बघावं. बोलू नये एक वेळ. नुसतं बघावं."

"बघतील का गं?"

"मीबी गौरेशबरोबर तेच काम करते, तुमच्या बोटीला आम्हीच येऊ. पाण्यात मी त्यांच्या मागं राहीन. सिलिंडर धरून माणसाला मागूनच न्यावं लागतं, त्याला आपला चेहरा दिसत न्हाई. वर आले की मास्क काढीन आन् तिथंच थांबीन. वळून बघितलं तर हाक मारीन. न्हाई बघितलं तर पुन्हा मी विचारणार न्हाई, आई. तूबी विचारू नको."

"मी आधी सांगू का त्यांना?"

"नको. सांगून बघितलेलं बघणं मला नको."

सुलक्षणानं शब्द दिला. आणि तेव्हापासून तिला घास गोड लागेना.

दौंडकडची मंडळी घेऊन बस शिक्रापूरच्या चौकात आली. दारातच केडगावचे चांगदेव उभे. उसाच्या पट्ट्यातलं मोठं दुकान, अंगानं आडवे, जिभेला विश्रांती नाही. "या या आनंदराव! वहिनी, हे घरी तरी बोलतात का तुमच्याशी? का तिथंबी नुसती पावती फाडून हातात देत्यात?"

"पावती तरी कुठं देत्यात," सुलक्षणा म्हणाली, आणि बस हसली.

चांगदेवांच्या गिताबाईंनी तिला शेजारी बसवून घेतलं आणि घाट उतरेपर्यंत आपल्या सुनेच्या गोष्टी सांगितल्या. आनंदराव खिडकीशी. कोल्हापूर गेलं, घाट गेला, लाल माती लागली, माड लागले. एकदाच ते म्हणाले, "हवा दमट हाय इकडं. फुलं टिकायची न्हाईत."

रिसॉर्टला सुरूची झाडं, माडांना बांधलेले झोके, आणि दारातून दोन ढांगांवर समुद्र. गिताबाईंनी सगळीकडे फिरून पाहिलं. "आगं बाई, कपडे वाळवायची दोरी सोडून सगळं हाय इथं." सुलक्षणा वाळूत उभी राहिली. पायाखालची वाळू लाट ओढून नेत होती, आणि तिला वाटत होतं, याच पाण्यात कुठंतरी माझी पोर हाय. माझ्या मळ्यातनं केंदूरचं गावठाण दिसावं एवढ्या अंतरावर.

समिंदराचं पाणी, माझ्या डोळ्यावानी खारं
लेकीच्या गावावरनं, मला येऊ दे गं वारं

सकाळी सगळ्यांना बोटीत घातलं. काळे रबरी पोशाख चढवताना जो गोंधळ झाला तो विचारू नका. चांगदेव अर्ध्यातच अडकले. "आयला, ट्रॅक्टरच्या ट्यूबमधी माणूस भरल्यागत झालं की! गिता, मला भाईर काढायला पंक्चरवाला बोलवावा लागंल."

"राहू द्या आतच," गिताबाई म्हणाल्या. "पोट तरी दिसत न्हाई."

बोटीवरच्या पोरानं समजावून सांगितलं. नाक बंद, तोंडातल्या नळीनं श्वास. मजेत असलात तर दोन बोटांचा गोल करून दाखवा. अंगठा वर केला तर आम्ही तुम्हाला वर काढणार. भीती वाटली तर मागच्याचा हात धरा. सगळ्यांनी माना डोलावल्या. चांगदेव पहिले उतरले, खाली कॅमेरा बघितला आणि झोकात अंगठा वर केला. लगेच वर. पुन्हा खाली, पुन्हा कॅमेरा, पुन्हा अंगठा. नळी काढून ते ओरडले, "अहो, मी झकास म्हणतोय, आन् हे लोक मला भाईर काढत्यात!"

बोट हसून हलली. आनंदरावही हसले. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या पडल्या, आणि विहिरीच्या पायरीवर ओल्या बनियनमध्ये उभा राहणारा तो जुना माणूस सुलक्षणाला क्षणभर दिसला. आज बघतील, तिला वाटलं. हा माणूस बघंल.

दोन मार्गदर्शक पोहत बोटीशी आले. दोघांचे चेहरे मास्कमागे. एक उंच, एक लहानखोर. लहानखोरानं पाण्यात जी कूस बदलली ती बघून सुलक्षणानं बोटीचा काठ धरला. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

आनंदराव शिडीवरून उतरले. लहानखोर आकृती त्यांच्या पाठीमागे गेली आणि सिलिंडरला हात घातला. उंच असलेला सुलक्षणाकडे आला. "काकी, घाबरू नका. मी आहे." जावयाची ही पहिली भेट. ना ओवाळणं, ना पानसुपारी. त्यानं तिला मागून अलगद धरलं आणि पाणी डोक्यावरून मिटलं.

आत आवाज नव्हता. स्वतःचाच श्वास तेवढा, लोहाराच्या भात्यासारखा. उजेड वरून झिरपत होता. फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे दगड, त्यांतून हळदीचे हात लावल्यासारखे पिवळे मासे. पण सुलक्षणाला मासे कुठले. तिच्यापुढे चार हातांवर आनंदराव तरंगत होते. पोतं उचलणारा तो जड माणूस फुलासारखा हलका झाला होता, आणि त्याची लेक त्याला पुढं नेत होती. एक हात पाठीवर, एक हात पोटाखाली.

मग आनंदरावांचा हात मागं आला. चाचपडत आला आणि त्या बारीक मनगटावर मिटला. आणि मिटलेलाच राहिला. त्यांच्या नळीतून बुडबुडे निघत होते, भराभरा, एकावर एक, जणू आत कुणी घाईनं काही सांगत असावं. भ्यायले असतील का? सुलक्षणाला कळेना. भीती वाटली तर हात धरा, असं त्या पोरानंच सांगितलं होतं. तिला वाटलं, आपल्याला डोळे आहेत आणि तोंड नाही, असंच आयुष्य गेलं.

वर आल्यावर उन्हानं डोळे दिपले. आनंदराव शिडीशी पोहोचले होते. त्यांच्या मागं, हात लांबवला तर पोहोचेल इतक्या जवळ, प्रांजलनं मास्क कपाळावर सरकवला. गालांवर मास्कचा लाल वळ. उन्हानं रापलेली, वाळलेली, आजीसारखी हनुवटी पुढं आलेली. ती बोटीच्या दोरीला धरून थांबली. तिनं हाक मारली नाही. नुसती बघत राहिली, बापाच्या पाठीकडे.

आनंदरावांनी शिडीला दोन्ही हात घातले. एक पायरी चढले. दुसरी चढले. वरच्या पायरीवर जरा थांबले. अंगातून पाणी निथळत होतं. मान किंचित हलली, की सुलक्षणालाच तसं वाटलं. अहो, बघा. तेवढीच मान फिरवा. तिनं तोंड उघडलं आणि त्यात खारट पाणी गेलं.

ते बोटीत चढले आणि किनाऱ्याकडे तोंड करून बसले.

प्रांजल थांबली होती. दोरी धरलेली बोटं पांढरी पडली होती. बोटीवरून कुणीतरी पुढच्या माणसाला उतरवलं. गिताबाईंचा नंबर होता. प्रांजलनं मास्क पुन्हा डोळ्यांवर ओढला. "चला काकी," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता, कुठं कापला नाही. तो आवाज बोटीत सगळ्यांना ऐकू गेला. आनंदरावांनाही गेला. त्यांनी टॉवेल डोक्यावरून घेतला.

"काय आनंदराव, काय काय दिसलं?" चांगदेवांनी विचारलं.

"पाणीच व्हतं," आनंदराव म्हणाले.

दुपारी जेवणाला ते आले नाहीत. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले होते. सुलक्षणा दारात उभी राहिली. बोलायचं एवढं साचलं होतं की एक शब्द काढला असता तर सगळंच बाहेर आलं असतं. पण लेकीला शब्द दिला होता. "का जेवत न्हाई?" एवढंच ती म्हणाली.

"कान दुखत्यात."

"घरी पोचल्यावर डॉक्टरला दाखवा."

"डॉक्टरच्या हातचं न्हाई ते," ते म्हणाले आणि कूस बदलली नाही.

परतीच्या बसमध्ये चांगदेवांनी भेंड्या लावल्या. अक्षर अडलं की सगळे सुलक्षणाकडे बघायचे, कारण तिला ओव्या येतात हे गिताबाईंनी सगळ्यांना सांगितलं होतं. तिला एकही आठवली नाही. शिक्रापूरला ट्रकच्या रांगेत बस अडकली, धूर आत आला, आणि आपलं गाव आलं हे नाकाला कळलं. घरी आल्यावर तिनं काळा पडलेला देव्हारा पुसला, ओले कपडे वाळत घातले. साडीच्या घडीतून वाळू पडली. ती तिनं झाडली नाही, पुन्हा घडीत गुंडाळून ठेवली.

शेवंतीचा बहर होता. दिवस उगवायला दोघं मळ्यात असायची. तो आठवडा त्यांनी एकमेकांशी क्रेटचं, गाडीचं, बाजारभावाचं तेवढं बोलून काढला. सुलक्षणाला नवऱ्याचा राग आला होता, आणि नवीन वाटणारा राग खरं तर किती जुना असतो, हे तिला त्या दिवसांत समजलं. तरी कधीमधी तिला दिसायचं की फुलं खुडता खुडता त्यांचा हात मध्येच थांबतो, आणि ते स्वतःच्या तळव्याकडे बघत राहतात.

अशाच एका सकाळी तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. शेवंती रोपवाटिका.

दरवेळी ती फोन घेऊन सरीच्या दुसऱ्या टोकाला जायची. आज गेली नाही. ती बांधावर बसली, आनंदरावांपासून हातभर अंतरावर, आणि तिनं स्पीकर लावला.

"बोल, प्रांजल."

एवढ्या वर्षांनी ते नाव मळ्यात मोठ्यानं पडलं. आनंदरावांचा हात फुलावरच राहिला.

"आई? मोठ्यानं बोलतीयस. कुणी न्हाई का जवळ?"

"हाय. असू दे. बोल तू."

पलीकडे माणसांची वर्दळ होती, गाड्या ढकलल्याचा आवाज. "विमानतळावर हाय आम्ही. बॅगा गेल्या आत. म्हटलं एकदा बोलावं. आप्पा हायेत ना तिथं? श्वास ऐकू येतोय."

मळ्यात ठिबकच्या नळीचा चिरचिर आवाज तेवढा होता.

"असू दे," प्रांजल म्हणाली. "मी रडत न्हाई, आई. राग बी न्हाई आता. फक्त एक गोष्ट मनात राहिली. गावातल्या एका पोरीनं मला माझ्याच दहाव्याचा व्हिडिओ पाठवला होता. पिंड तसंच, आन् कावळा न्हाई. मी लय हसले होते बघून. गौरेशला म्हणलं, बघ, केंदूरच्या कावळ्यालाबी कळलं मी जित्ती हाय. आमच्या आप्पांना न्हाई कळलं."

बोलता बोलता तिचा आवाज फाटला. सुलक्षणानं फोन बंद करायला बोट पुढं केलं. दुसऱ्याच हातानं तो उचलला.

आनंदरावांच्या बोटांना शेवंतीच्या देठांचा हिरवा रस लागला होता. त्यांनी फोन दोन्ही हातांत धरला, काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसा. पलीकडे बाईच्या आवाजात कुठल्याशा विमानाची हाक झाली. सुलक्षणाला वाटलं, आता फोन कटणार.

"प्रांजू," ते म्हणाले.

पलीकडची वर्दळ तशीच चालू होती.

"हात वळखला व्हता मी तुझा. बोटीत चांगदेव बसला व्हता, चार गावची मानसं व्हती. लाज आडवी आली. वळून बघितलं असतं तर तिथंच फुटलो असतो." त्यांनी श्वास घेतला, छाती हलली. "पन तू म्हनतीस ते तसं न्हाई, पोरी. कावळ्याला काय कळत न्हाई. कावळा आला व्हता. पिंड मांडल्या मांडल्या आला व्हता. समदी हात जोडून खाली बघत व्हती, हौशीरामदादा डोळे मिटून व्हते. मी उपरणं झटकलं. उडाला. पुन्यांदा आला, पुन्यांदा झटकलं. ऊन डोक्यावर येस्तवर मीच त्याला शिवू दिलं न्हाई."